औषध आहे, पण सांगणारा हवा

शिक्षकाच्या आयुष्यात हजेरी घेण्याचे काम कधी संपत नाही. नोकरी सुटते, खडू आणि फळा सुटतो. परंतु रात्री झोप येईनाशी झाली म्हणजे जुन्या वर्गांतील नावे एकामागून एक आठवू लागतात. त्यांपैकी एका नावापाशी मी दर वेळी अडखळतो.

गोष्ट पस्तीस वर्षांमागची आहे. मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी संस्कृत शिकवीत असे. आमच्या बिऱ्हाडाशेजारी एक सद्गृहस्थ राहत. त्यांचा धाकटा मुलगा माझ्याच वर्गात, आठवीत होता. शब्दरूपे पाठ म्हणण्यात त्याचा हातखंडा असे. आणि पोहण्यात त्याहूनही अधिक. गावाबाहेर दगडाची एक जुनी खाण होती. पावसाळ्यात ती तुडुंब भरे आणि वैशाखात तिच्या तळाशी पुरुषभर पाणी उरे, तेही उन्हाने तापून कोमट झालेले. तेथे पोहावयास जाण्याची मुलांना सक्त मनाई होती. आणि म्हणूनच बहुधा सगळी मुले तेथे जात. मे महिन्यातील एका रविवारी मी संध्याकाळी फिरावयास गेलो असता हा मुलगा वरच्या कपारीवरून पाण्यात सूर मारताना दिसला. त्याने मला पाहिले, हात जोडले आणि 'घरी सांगू नका' अशी खूण केली. मी हसलो आणि पुढे गेलो.

पाचव्या दिवशी त्याचे डोके दुखू लागले. गावातील डॉक्टरांनी ऊन लागले असावे असे म्हणून गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी ताप चढला, वांत्या सुरू झाल्या, मान ताठली आणि मुलगा भ्रमात बोलू लागला. मोटार करून त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी नेले. सोबतीला मी होतो. तेथील तरुण डॉक्टरांनी विचारले, "गेल्या आठ-दहा दिवसांत काही विशेष घडले होते काय? कोठे पडला होता, कोठे गेला होता?" वडील म्हणाले, "नाही हो डॉक्टर, सुटी आहे, घरातच असतो." मी शेजारीच उभा होतो. खाण माझ्या डोळ्यांपुढे आली. परंतु डोकेदुखीचा आणि पोहण्याचा संबंध काय, आणि आजारी पोराची चहाडी आता का करावी, असे वाटून मी गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी मुलगा गेला. कागदावर 'मेंदूज्वर' असे लिहिले गेले.

त्या मुलाला नेमका कोणता रोग झाला होता, हे आज कोणासही सांगता यावयाचे नाही. मी बोललो असतो तर तो वाचला असता, असेही मी म्हणत नाही. त्या काळी बहुधा नसताच वाचला. परंतु माझे ते मौन निरुपद्रवी होते, अशी जी समजूत मी उराशी धरून बसलो होतो, ती २०२४ साली मोडली. त्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून केरळातील बातम्या वर्तमानपत्रांत येऊ लागल्या: तळ्यात, ओढ्यात स्नान केलेली मुले पाच-सहा दिवसांनी डोकेदुखीने आजारी पडतात, आणि पाण्यातील एक सूक्ष्म जीव त्यांच्या मेंदूत सापडतो. माझी धाकटी सून औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर आहे. मी वर्तमानपत्र तिच्यापुढे ठेवले. ती म्हणाली, "मामंजी, हा आजार फार जुना आहे. ह्याला औषधेही आहेत. परंतु ती वेळेवर सुरू व्हावयास हवीत, आणि वेळेवर सुरू होणे डॉक्टरांच्या एकट्याच्या हाती नसते." त्या दिवसापासून ती सांगत गेली आणि मी टिपून घेत गेलो. त्या टिपणांतून हा लेख सिद्ध झाला आहे.

ह्या जीवाचे नाव नेग्लेरिया फाउलरी. शाळेच्या पुस्तकात आपण ज्या अमीबाचे चित्र काढतो त्याच्याच गोत्रातला हा. एका मिलिमीटरच्या लांबीत पन्नास-साठ सहज मावतील इतका लहान. वास्तविक त्याला परोपजीवी म्हणणेही काहीसे अन्यायाचे आहे. कारण त्याला मनुष्याची मुळीच गरज नसते. तळी, डबकी, उष्णोदकाचे झरे, ओलसर माती ह्यांत तो स्वतंत्रपणे राहतो आणि जंतू खाऊन पोट भरतो. प्रतिकूल काळात तो कवच धारण करून स्वस्थ पडून राहतो, खाद्य मिळाले म्हणजे सरपटू लागतो, आणि प्रसंग पडल्यास दोन शेपट्या फुटून पोहूही लागतो. ऊब त्याला फार प्रिय. ४६ अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यातही तो वाढतो. म्हणून उन्हाळ्यात आटलेले, तापलेले, साचलेले पाणी त्याला मानवते.

हे पाणी पोटात गेले तर काहीही होत नाही. एका माणसापासून दुसऱ्याला हा आजार लागतही नाही. धोका आहे तो एकाच वाटेने, आणि ती वाट नाकाची. सूर मारताना, बुडी घेताना पाणी नाकात जोराने शिरते. नाकाच्या छताशी चाळणीसारखे छिद्रयुक्त एक नाजूक हाड आहे. त्या छिद्रांतून वासाचे ज्ञान करून देणारे मज्जातंतू वर मेंदूकडे जातात. त्या तंतूंच्या आधाराने हा अमीबा मेंदूपर्यंत पोहोचतो आणि तेथे जंतूंऐवजी मेंदूच्या पेशी खाऊ लागतो. पाण्याचा संपर्क झाल्यापासून साधारणतः पाच दिवसांनी, फार तर बाराव्या दिवसापर्यंत, लक्षणे दिसू लागतात: कपाळाच्या बाजूची तीव्र डोकेदुखी, ताप, वांत्या, नंतर ताठलेली मान, भ्रम, आकडी आणि बेशुद्धी. लक्षणे सुरू झाल्यावर पुन्हा पाच दिवसांच्या आसपास बहुतेक रोगी दगावतात. अशा तळ्यांत लक्षावधी लोक उतरतात आणि त्यांपैकी क्वचित एखाद्यालाच हा आजार होतो, हे खरे. परंतु ज्याला झाला त्याची वाट फार थोडी उरते.

ह्या शोधाचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. १९५८ साली अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे क्लाइड कल्बर्टसन हे संशोधक पोलिओच्या लशीच्या संबंधात माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी वाढवून त्यांची तपासणी करीत होते. त्या पेशींत एक अमीबा आगंतुकासारखा शिरलेला आढळला. तो उंदरांना व माकडांना टोचला, तेव्हा ती मेंदूच्या दाहाने मेली. हा अमीबा नेग्लेरियाचा दूरचा भाऊबंद, अकँथअमीबा होता. स्वतंत्र राहणारे अमीबे प्राणघातक असू शकतात ही गोष्ट येथे प्रथम उघड झाली. पुढे १९६५ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातील अॅडिलेड येथील माल्कम फाउलर आणि रॉडनी कार्टर ह्या दोघा डॉक्टरांनी माणसांतील चार मृत्यूंची हकीकत प्रसिद्ध केली. जंतूंमुळे होणाऱ्या मेंदूज्वरासारखाच तो आजार दिसत होता, परंतु जंतू मिळत नव्हते; मिळाले ते अमीबे. १९७० साली कार्टर ह्यांनी आपल्या सहकाऱ्याचे नाव ह्या जातीला देऊन ठेवले. भारतातील दोन बालकांच्या अशाच आजाराची हकीकत १९७१ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आली. म्हणजे माझा विद्यार्थी गेला, तेव्हा ही माहिती आपल्या देशात छापून वीस वर्षांवर काळ लोटला होता. ग्रंथात असलेली विद्या आणि परहस्ते गेलेले धन ह्यांच्या निरुपयोगीपणाविषयी मी मुलांना पुष्कळ शिकविले होते. तिचा अनुभव मला असा आला.

आता औषधांकडे वळू. सूनबाईंनी मला सहा औषधांची नावे लिहून दिली, आणि वर एक कोडे घातले: "मामंजी, ह्या सहांत सारखे काय ते सांगा." मला सांगता आले नाही. उत्तर असे होते की, सहांपैकी एकही औषध ह्या रोगासाठी निर्माण झालेले नाही. जो रोग साऱ्या जगात वर्षाला मोजक्याच लोकांना होतो, त्याच्यासाठी स्वतंत्र औषध शोधण्याचा खर्च कोण करणार? तेव्हा वैद्यकाने दुसऱ्यांच्या घरची भांडी मागून आणून आपली पंगत वाढली आहे.

पहिले आणि मुख्य औषध अँफोटेरिसिन-बी. १९५० नंतरच्या दशकात, दक्षिण अमेरिकेतील ओरिनोको नदीकाठच्या मातीतून मिळालेल्या एका सूक्ष्म जीवापासून ते अमेरिकेतील स्क्विब संस्थेच्या प्रयोगशाळेत काढण्यात आले. ते बुरशीच्या रोगांवरचे औषध. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा एक स्निग्ध पदार्थ असतो. हे औषध त्याला जाऊन चिकटते, आवरणाला भोके पाडते, आणि पेशीतील सत्त्व बाहेर गळून ती मरते. नेग्लेरियाच्या आवरणातही हाच पदार्थ आहे. म्हणून बुरशीवरचे अस्त्र अमीबावरही चालते. १९६९ साली कार्टर ह्यांनी रोग्यापासून मिळालेल्या अमीबावर ते लागू पडत असल्याचे दाखविले. आपल्या पेशींत एर्गोस्टेरॉलच्या जागी कोलेस्टेरॉल असते. औषध त्यालाही थोडेबहुत धरतेच. त्यामुळे रोग्याला हुडहुडी भरते, ताप येतो, आणि मूत्रपिंडावर ताण पडतो. शिवाय रक्तातून मेंदूत ते फारसे उतरत नाही. सबब शिरेतून देण्याबरोबरच पाठीच्या कण्यातील पाण्यातही ते थोडे-थोडे सोडावे लागते. ह्याच औषधाचा स्निग्ध वेष्टनातला एक सौम्य प्रकार आता मिळतो आणि तो मूत्रपिंडाला कमी जाचतो. परंतु ह्या अमीबावर तो प्रयोगात तितका प्रभावी ठरला नाही, म्हणून जुन्या कडक प्रकारालाच प्राधान्य दिले जाते.

दुसरे औषध मिल्टेफोसिन, आणि त्याची कथा आपल्या देशातून गेलेली आहे. जर्मनीत १९८० नंतरच्या दशकात ते कर्करोगासाठी तयार झाले. कर्करोगावर त्याचा फारसा जम बसला नाही. परंतु बिहार प्रांताला पिढ्यान्‌पिढ्या छळणाऱ्या काळ्या आजारावर ते तोंडाने घेता येण्याजोगे पहिले औषध ठरले. बिहारमधील रुग्णांवर झालेल्या चाचणीचे फलित २००२ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा हे औषध घेतलेल्या २९९ रुग्णांपैकी ९४ टक्के बरे झाल्याचे आढळले. त्याच वर्षी भारत सरकारने त्यास मान्यता दिली. काळ्या आजाराचा जीवही एकपेशीयच. पुढे प्रयोगशाळेत असे दिसले की मेंदूत शिरणारे अमीबेही मिल्टेफोसिनने मरतात. ज्या गरीब बिहारी माणसांनी ह्या औषधाची परीक्षा आपल्या देहावर होऊ दिली, त्यांचे ऋण आज अमेरिकेतील आणि केरळातील मुलांवर आहे. ह्या औषधाने मळमळ व वांत्या होतात, आणि गर्भवती स्त्रीला ते देता येत नाही, कारण गर्भाला त्याचा अपाय होतो.

उरलेली चार अशी: क्षयावरचे रिफँपिसिन, बुरशीवरचे फ्लुकोनॅझोल, जंतूंवरचे अॅझिथ्रोमायसिन आणि सूज उतरविणारे डेक्सामेथासोन. शेवटचे अमीबाला काही करीत नाही. परंतु कवटी ही दगडी पेटी आहे, तिच्यात सुजलेल्या मेंदूला फुगावयास जागा नसते, आणि रोगी पुष्कळदा त्या दाबानेच जातो. म्हणून सूज उतरविणे, कण्यातून पाणी काढून दाब कमी करणे, प्रसंगी रोग्याचे शरीर मुद्दाम थंड ठेवणे, हेही उपचाराचेच भाग होत. सूज उतरविण्याचे औषध चार दिवस, आणि इतर पुष्कळशी औषधे २८ दिवसांपर्यंत चालतात. मात्रा रोग्याच्या वजनाप्रमाणे डॉक्टर ठरवितात. ह्यांतील एकही औषध घरी ठेवण्याजोगे किंवा घरी देण्याजोगे नाही, हे येथेच स्पष्ट सांगतो.

एखादा वाचक विचारील की, मेंदूज्वर दिसला की ही सहाही औषधे सरसकट का देऊ नयेत? कारण मेंदूच्या आवरणांचा दाह अनेक जीवांनी होतो, आणि एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही. उंदराच्या फुप्फुसात राहणारी एक कृमी कच्च्या गोगलगायीवाटे माणसात येते आणि मेंदूच्या आवरणांत दाह उत्पन्न करते. तेथे कृमी मारण्याची घाई करावी तर मेलेल्या कृमींमुळे दाह भडकण्याची भीती. म्हणून तेथे दाह शमविणाऱ्या औषधावरच मुख्य भिस्त असते, आणि थायलंडमधील डॉक्टरांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन आठवड्यांच्या प्रेडनिसोलोनने डोकेदुखी लवकर शमल्याचे दाखविले आहे. जंतूंचा मेंदूज्वर तर साध्या प्रतिजैविकांनी बरा होतो. तात्पर्य, शत्रूची ओळख पटल्यावाचून अस्त्र सोडता येत नाही.

आणि ओळख पटविणे येथेच कठीण आहे. कण्यातून काढलेले पाणी तपासले तर ते हुबेहूब जंतूंच्या मेंदूज्वरासारखे दिसते: गढूळ, पांढऱ्या पेशींनी भरलेले, साखर घटलेली. जंतूंसाठी जो नेहमीचा रंग देतात, त्यात हा अमीबा ओळखू येत नाही. पाणी थंड पेटीत ठेवले तर तो मरतो किंवा निश्चल होतो. ताजा थेंब तसाच काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर मात्र तो हलताना दिसतो; नंतर अधिक सूक्ष्म परीक्षेने त्याची जात निश्चित करता येते. परंतु असा थेंब पाहावा, हे तपासणाऱ्याच्या मनात यावे कसे? कोणी तरी त्याला सांगितले पाहिजे की, हा मुलगा गेल्या आठवड्यात पाण्यात उतरला होता.

वेळेचे मोल किती असते, ते दोन मुलांच्या हकीकतीवरून कळेल. अमेरिकेत १९६२ ते २०२४ ह्या काळात ह्या रोगाचे १६७ रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकी वाचले अवघे चार. पहिली वाचलेली मुलगी १९७८ सालची, कॅलिफोर्नियातील. त्यानंतर पस्तीस वर्षे तेथे एकही वाचला नाही. मग २०१३ साली दोन मुले वाचली. दोघांनाही मिल्टेफोसिन मिळाले होते. त्यांतील एका मुलीचा रोग लक्षणे दिसल्यापासून सुमारे तीस तासांत ओळखला गेला आणि छत्तिसाव्या तासाच्या सुमारास हे औषध सुरू झाले; तिचे शरीरही थंड ठेवण्यात आले. ती पूर्ण बरी होऊन शाळेत परतली. दुसऱ्या मुलाचे निदान कित्येक दिवसांनी झाले. त्याचा जीव वाचला, परंतु मेंदूला कायमची इजा होऊन बसली. रोग तोच आणि औषधही तेच. अंतर पडले ते मुख्यतः दिवसांचे. त्याच वर्षी आणखी एका मुलाला हे औषध देऊनही तो दगावला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. औषध म्हणजे अमृत नव्हे.

केरळातील अनुभव अलीकडचा आणि आपल्या अधिक जवळचा आहे. जुलै २०२४ मध्ये कोझिकोड जिल्ह्यातील एक शाळकरी मुलगा तळ्यात पोहल्यानंतर आजारी पडला. त्याला आकडी आली, तेव्हा त्याच्या वडिलांना ह्या रोगाविषयी पूर्वी वाचलेले आठवले. मुलगा तळ्यात उतरला होता, ही गोष्ट त्यांनी आपण होऊन डॉक्टरांच्या कानी घातली. त्यामुळे तपासणी योग्य दिशेने झाली, औषधे त्वरेने सुरू झाली, आणि मुलगा वाचला. त्याच महिन्यात केरळ सरकारने ह्या रोगाच्या निदानाचे व उपचाराचे नियम ठरवून दिले, आणि जर्मनीहून मिल्टेफोसिन आणविण्यात आले. तेथे मेंदूज्वराच्या रोग्याच्या पाण्यात अमीबाचा शोध नेमाने घेऊ लागले. २०२५ साली सप्टेंबरच्या मध्यापर्यंत त्या राज्यात सुमारे ७० रुग्ण आणि १९ मृत्यू नोंदले गेले होते. ज्या रोगात जगभर शंभरांतील सत्त्याण्णव मरतात असे लिहिले जाते, तेथे चारांत तीन वाचले! ह्या आकड्यांत नेग्लेरियाशिवाय मंदगतीने वाढणाऱ्या इतर अमीबांचेही रुग्ण आहेत, तेव्हा ही तुलना अगदी काट्याची नव्हे. तथापि लवकर शोधले की हाती काही तरी लागते, एवढे त्यावरून खचित म्हणता येईल.

हे सारे समजून घेत असता मला चरकसंहितेतील एक प्रकरण राहून राहून आठवे. चिकित्सेचे चार पाद तेथे सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. ह्या प्रत्येकाचे चार-चार गुण दिले आहेत. रोग्याच्या गुणांत स्मृती, आज्ञाधारकपणा आणि निर्भयता ह्यांच्या जोडीला 'ज्ञापकत्व' हा एक गुण मोजला आहे. ज्ञापकत्व म्हणजे आपल्याला काय झाले ते वैद्याला नीट कळविता येणे. तरुणपणी हा शब्द शिकताना मला तो भरतीचा वाटे. दुखणे सांगावयास काय मोठा गुण लागतो? आता त्याचे मर्म कळते. अँफोटेरिसिन आले, मिल्टेफोसिन आले. औषधाचा पाद भक्कम झाला. परंतु रोगी बेशुद्ध आहे, आणि तोही बारा-तेरा वर्षांचे पोर आहे. त्याचे ज्ञापकत्व कोणी पार पाडावयाचे? जे त्याच्या भोवती उभे आहेत त्यांनी. म्हणजे आई-बापांनी, काका-मामांनी, आणि शेजारी उभ्या असलेल्या मास्तरांनी.

येथे आपल्या घरांतील एका दोषाकडे लक्ष वेधावेसे वाटते. आपली मुले भीतीने गोष्टी लपवितात, आणि मोठी माणसे अब्रूच्या किंवा दयेच्या पोटी त्या झाकतात. मनाई असलेल्या ठिकाणी गेलो असे सांगितले की मार बसणार, हे मुलाला ठाऊक असते. त्यापेक्षा 'कोठेही गेलास तरी रागावेन, परंतु ताप आला तर आधी सांग. त्या दिवशी रागावणार नाही' असा करार घरात असावा. आमच्या घरी तो आता झाला आहे. नातवंडांनी तो मजकडून एका वहीत लिहून घेतला आणि खाली माझी सहीही घेतली.

दुसरी गोष्ट जलनेतीची. आमचे थोरले बंधू अण्णा गेली चाळीस वर्षे नित्य नेमाने जलनेती करतात. नळाचे पाणी कोमट करून, मीठ घालून, एका नाकपुडीतून घेऊन दुसरीतून सोडावयाचे. २०११ साली अमेरिकेतील लुइझियाना राज्यात दोन माणसे ह्याच रोगाने गेली. दोघांनीही नेतीच्या पात्राने नळाचे पाणी नाकात घेतले होते. पाकिस्तानातील कराचीतही, जेथे नमाजापूर्वी नाकात पाणी घेण्याचा धर्मविधी आहे, तेथे २००८ सालापासून अशा मृत्यूंच्या नोंदी आहेत. पोहण्याचे नावही न काढणारी माणसे ह्या वाटेने गेली. सूनबाईंनी हे अण्णांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "आमच्या गुरुजींनी शिकविलेली क्रिया आहे, बाई. आजवर काही झाले नाही." ती नम्रपणे म्हणाली, "अण्णा, क्रिया सोडा असे मी म्हणत नाही. पाणी नुसते कोमट करू नका. चांगले एक मिनिटभर खळखळ उकळू द्या, झाकून निववा, मग मीठ घाला. कोमट पाणी तर त्या जीवाला आवडतेच." अण्णा दोन दिवस गंभीर होते. तिसऱ्या दिवशी पहाटे स्वयंपाकघरात पातेले खळखळत असल्याचा आवाज मी अंथरुणातूनच ऐकला. नेती करणाऱ्या प्रत्येक घरात तो आवाज ऐकू यावा.

पोहण्याविषयीही भय बाळगण्याचे कारण नाही. विवेक बाळगावा एवढेच. क्लोरीनने हा जीव मरतो. दक्षिण ऑस्ट्रेलियात जेथे हा रोग प्रथम ओळखला गेला, तेथे उन्हातून जाणाऱ्या लांबच लांब नळांतील पाण्यात क्लोरीनची मात्रा कटाक्षाने राखण्यात येऊ लागली, लोकांना शिकविण्यात आले, आणि १९८१ नंतर तेथे हा रोग झाल्याची नोंद नाही. केरळातही २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात विहिरींत क्लोरीन घालण्याची मोहीम काढण्यात आली. तेव्हा ज्या तलावात क्लोरीनची व्यवस्था नीट आहे, तेथे मुलांना खुशाल पोहू द्यावे. उन्हाळ्यातील आटलेल्या, तापलेल्या, साचलेल्या पाण्यात सूर मारू देऊ नये, तळाचा चिखल ढवळू देऊ नये. उतरलेच तर डोके पाण्याबाहेर राहावे किंवा नाकाला चिमटा असावा. विहिरीचे व टाकीचे पाणी वेळच्या वेळी स्वच्छ करून त्यात क्लोरीन घालावे.

आणि इतके करूनही, पाण्यात उतरल्यावर दोन आठवड्यांच्या आत घरातील कोणाला कधी न दुखलेले असे डोके दुखू लागले, ताप व वांत्या आल्या, मान ताठली, तर रात्र मोजीत बसू नये. थेट मोठ्या इस्पितळात जावे, आणि डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावे: "हा अमुक दिवशी अमुक पाण्यात उतरला होता, पाणी नाकात गेले असण्याचा संभव आहे." बहुतेक वेळा आजार दुसराच निघेल, आणि डॉक्टर हसतील. हसू द्यावे. एक निरर्थक वाक्य बोलल्याने कोणाचे काही जात नाही.

मी ते वाक्य एकदा बोललो नाही. त्यानंतर कितीही वर्षे लोटली, तरी त्या रात्रीच्या इस्पितळातील ओसरीवर मी अजून उभा असतो, आणि तरुण डॉक्टर मला नव्हे, माझ्या शेजाऱ्याला प्रश्न विचारीत असतात. वाचकांपैकी कोणावर तो प्रसंग आला, तर त्यांनी माझ्यासाठी तरी बोलावे.